वाळवंटी बग्गी फौजेच्या खरंच कामाची आहे का? वजन, टायरची हवा, पट्टा आणि ड्रोन

बर्डीकर

बाहाचा, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेचा, मोसम आला की नागपुरातल्या कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. १० एचपीच्या ३०५ सीसी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिनावर पोरं पीथमपूरच्या खड्ड्यांतून गाडी काढतात. मग त्याच धर्तीची मोठी बग्गी, पाईपचा सांगाडा, मागे इंजिन, दोन-तीन जवान आणि वर मशीनगन, फौजा सर्रास का वापरत नाहीत?

अमेरिकेनं हे करून पाहिलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या एल केहोनची चेनोवथ कंपनी वाळवंटातल्या शर्यतींच्या गाड्या बनवायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी आर्मीच्या ९ व्या इन्फन्ट्री डिव्हिजननं तिच्याकडून १२० च्या आसपास 'फास्ट अटॅक व्हेईकल' घेतल्या. पुढे त्याचीच 'डेझर्ट पेट्रोल व्हेईकल' झाली, म्हणजे डीपीव्ही. हवेनं थंड होणारं २ लिटरचं फोक्सवॅगन इंजिन, रिकामी गाडी साधारण ९६० किलो, वेग ताशी ९५ किमीच्या वर. १९९१ मध्ये कुवेत शहरात शिरलेल्या पहिल्या अमेरिकी तुकड्यांत नेव्ही सीलच्या, म्हणजे नौदलाच्या विशेष दलाच्या, या बग्ग्या होत्या. पण आर्मीनं तोवर हमवी ही मोठी जीप धरली होती आणि बग्ग्या विशेष दलांपुरत्या उरल्या.

कंपनीच्या माहितीपत्रकातलं कौतुक नको. कुठे मोडते, का मोडते, कोणत्या जमिनीवर चालते, आकड्यात सांगा.

जुनी_जोंगा

आधी एक गैरसमज काढू. वाळवंटी छाप्यांची जी उदाहरणं दिली जातात त्यातली बहुतेक बग्गीची नाहीतच.

१९४० मध्ये इजिप्तमध्ये ब्रिटिश अधिकारी राल्फ बॅग्नोल्डनं लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही वाळवंटी टेहळणी तुकडी उभी केली तो शेवरोलेच्या ३० हंड्रेडवेट ट्रकांवर, म्हणजे दीड टन माल नेणाऱ्या साध्या मालगाड्यांवर. दारं, टप, पुढची काच काढून टाकली आणि त्या जागी पाणी, पेट्रोल आणि लुईस गन आली. जुलै १९४२ मध्ये सिदी हनिशच्या विमानतळावर एसएएस या ब्रिटिश विशेष दलानं रांगेत घुसून विमानं जाळली ती १८ जीपांतून, व्हिकर्स के गन लावून. १९८७ मध्ये चाडनं लिबियाचे रणगाडे वाडी दूमला धुळीला मिळवले ते टोयोटा लँड क्रूझर पिकअप आणि मिलान क्षेपणास्त्रांवर. आपल्याकडे डिसेंबर १९७१ मध्ये १० पॅरा कमांडो लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग यांच्या हाताखाली सिंधमध्ये छाछरोपर्यंत आत गेले ते जीप आणि जोंगांतून. ही जोंगा आपल्या शेजारच्या जबलपूरची: निस्सानच्या आराखड्यावरची, ४ लिटरच्या जवळ जाणारं सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन असलेली, चांगली दणकट गाडी.

चारही ठिकाणी गाडी ओझं वाहणारी होती. वेग कामाला आला, पण चार दिवसांचं पाणी आणि पेट्रोल सोबत असल्यामुळे.

बॅग्नोल्डच्या दोन युक्त्या इथल्या पोरांनी समजून घ्याव्यात. पहिली: रेडिएटरच्या ओव्हरफ्लो नळीला पायरीवरच्या अर्ध्या भरलेल्या डब्यात सोडलं. पाणी उकळलं की वाफ डब्यात जाऊन थंड व्हायची आणि इंजिन निवलं की पोकळीमुळे पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जायचं. थेंब वाया नाही. आज प्रत्येक गाडीत कूलंटची जी प्लास्टिकची बाटली असते तिचं तत्त्व हेच. दुसरी: कैरोच्या भंगारात मिळालेल्या लोखंडी पन्हळी. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या छपरासाठी बनवलेल्या त्या पट्ट्या रुतलेल्या चाकाखाली घालायच्या.

टॉर्क_पाना

जोंगा साहेबांनी नेमकं बोट ठेवलं. डीपीव्हीची वाहण्याची क्षमता १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. आता तीन जणांना तीन दिवसांसाठी पाठवा आणि बेरीज करा.

तीन जवान, अंगावरच्या सामानासकट माणशी ११५ धरले तर ३४५ किलो. १२.७ मिमीची एम२ गन ३८, तिचा माउंट १५. शंभर राउंडचा डबा साधारण १६ किलोचा, असे सहा डबे ९६. पाणी माणशी रोज ८ लिटर, तीन दिवसांचं ७२. टाकीशिवाय चार जेरीकॅन पेट्रोल, कॅनसकट ७५. रेडिओ आणि बॅटऱ्या २५. स्टेपनी २५. पाट्या, दोर, फावडं, जॅक ३०.

झाले ७२१. क्षमतेच्या ४१ किलो वर, आणि यात जेवण, औषधाची पेटी, रात्रीच्या दुर्बिणी, रणगाडाविरोधी एटी४ काहीच धरलेलं नाही. उन्हाळ्यात ८ लिटर पाणीसुद्धा कंजुषीच आहे, नागपुरात मे महिन्यात छतावर काम करणाऱ्याला विचारा.

आता गाडी १,६८० किलोची झाली. इंजिन मागे असल्यामुळे ६५ टक्के वजन मागच्या दोन चाकांवर. जाहिरातीत जी उडी मारताना दिसते ती ९६० किलोची असते. ही भरलेली गाडी टेकडीवरून त्याच वेगानं उडवली की मागच्या ट्रेलिंग आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, शॉकचे वरचे कान आणि सीव्ही जॉइंट (चाकाला जोर पोचवणारा सांधा) या क्रमानं जातात.

बर्डीकर

म्हणजे मोठी केली की ती बग्गी राहत नाही आणि लहान ठेवली की तीन दिवस पुरत नाही.

टॉर्क_पाना

म्हणून तिचं काम एका रात्रीचं ठेवायचं. संध्याकाळी निघायचं, पहाटे परत. पाणी २४ लिटरवर येतं, जेरीकॅन दोन होतात, दोन डबे गोळ्या कमी होतात आणि जवळपास ११८ किलो मोकळे होतात. ती गाडी पळते.

काळीमाती

सगळे वाळूचंच बोलून राहिले भाऊ. जमीन काय फक्त वाळूचीच असते का?

मार्च २००३, इराकचं अल फाव. तेलाच्या ठाण्यांवर सील तुकड्या हेलिकॉप्टरनं उतरल्या, सोबत डीपीव्ही. जमीन तेलानं भिजलेली, खाली खाडीचा मऊ गाळ. बग्ग्या पोटापर्यंत बसल्या आणि पोरांनी बाकीचं काम पायी केलं. वाळवंटाची राणी म्हणवणारी गाडी चिखलात ठप्प.

याचं कारण विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, पण सांगतो. वाळूत पकड येते कणांच्या घर्षणातून. चाकावर वजन जास्त तर पकड जास्त, म्हणूनच मागे इंजिन आणि मागची दोनच चाकं फिरवणारी बग्गी वाळूत चार चाकं फिरवणाऱ्या जीपला भारी पडते. ओल्या चिकणमातीत घर्षण जवळपास शून्य. तिथं पकड येते मातीच्या चिकटपणातून आणि तो मिळतो चाकाखालच्या क्षेत्रफळावर. वजन वाढवून काहीच मिळत नाही, उलट चाक आत जाते. त्यात बग्गीची पुढची चाकं अरुंद आणि फिरत नाहीत, ती नांगरासारखी माती सारत जातात. मागच्या टायरचे खाचे पहिल्या दोन फेऱ्यांत भरले की झाला गुळगुळीत रूळ. जुलैत उमरेड रोडच्या शेतात ट्रॅक्टर सोडून दुसरं काही घालून पाहा.

कच्छच्या रणात दुसरीच गंमत. वरून मिठाचा पापुद्रा, कडक, पांढरा, डांबरी रस्त्यासारखा. खाली गाळ. पहिली गाडी जाते, दुसरी त्याच चाकोरीतून गेली की पापुद्रा फुटते. वाळूत पुढच्याच्या चाकोरीतून जाणं बरेचदा सोयीचं असते, खारवट पापुद्र्यावर ते कधीच करायचं नाही. प्रत्येकानं आपली नवी रेघ धरायची, मध्ये थांबायचं नाही, जागेवर वळायचं नाही.

वाळूचा_कण

काळीमाती भाऊंचा मुद्दा पटला. आता वाळूपुरतं बोलतो, कारण नव्वद टक्के गाड्या वाळूत रुततात त्या टायरच्या हवेमुळे.

ढोबळ नियम: टायरमधला दाब आणि जमिनीवरचा दाब जवळपास सारखा. टॉर्क_पाना यांच्या भरलेल्या गाडीत मागच्या एका चाकावर ५४६ किलो येतात. ३० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.१ किलो, टेकण्याची जागा २६० चौ. सेंमी. हवा १५ पीएसआयवर आणली की ५२० चौ. सेंमी. टायर रुंदीत फारसा पसरत नाही, लांबीत पसरतो, आणि तेच हवं असतं. लांब ठसा वाळूवर तरंगतो, पुढे ढीग साचत नाही.

आता चुका.

हवा सकाळी मोजायची. १५ अंश तापमानाला १६ पीएसआय भरलेला टायर दुपारी आतून ६० अंशाला गेला की साधारण २१ दाखवतो. दुपारी गाडी बसायला लागली म्हणून वाळूला दोष देतात, दोष ५ पीएसआयचा असतो. पण दुपारी गरम टायरची हवा काढून १६ केली असेल तर रात्री थंडीत तो ११-१२ वर उतरतो आणि वळणावर रिमवरून निसटतो. दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहा.

१२ च्या खाली जायचं असेल तर बीडलॉक रिम लागते, म्हणजे टायरची कड बाहेरच्या कड्यानं बोल्ट मारून धरलेली. ८ मिमीचे बोल्ट, ताऱ्याच्या क्रमानं, एकदम न आवळता तीन फेऱ्यांत २०-२४ न्यूटन-मीटरपर्यंत. पहिल्या ५० किमीनंतर पुन्हा तपासायचे, कारण रबर दबतं. हे विसरलं की हवा एका बाजूनं हळूहळू जाते आणि पंक्चर सापडत नाही म्हणून लोक तासभर ट्यूबलेसच्या नावानं बोटं मोडतात.

कमी हवेचा टायर कडक रस्त्यावर पळवायचा नाही. बाजूची भिंत प्रत्येक फेरीला दुमडते, तापते आणि आतले धागे सुटतात. म्हणून वाळू संपली की कॉम्प्रेसर काढायचा. चार टायर १५ वरून ३० वर न्यायला लहान १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर वीस-पंचवीस मिनिटं घेतो. शत्रूच्या हद्दीत तेवढा वेळ थांबणं म्हणजे काय ते ज्यानं त्यानं ठरवावं. मोठ्या लष्करी गाड्यांत चालत्या गाडीतून हवा कमी-जास्त करण्याची सोय असते, बग्गीत ते वजन परवडत नाही.

आणि कन्हानच्या कोरड्या पात्रात सराव करून कुणी थारची तयारी झाली असं समजू नये. नदीची वाळू जाड, कोनदार, आणि हातभर खाली ओल. ती दबून घट्ट होते. टिब्ब्याची, म्हणजे वाळवंटातल्या टेकडीची, वाळू बारीक, गोल, पाव मिलिमीटरच्या आतबाहेर. वारा येतो ती बाजू १०-१५ अंशांची आणि टणक असते, वाऱ्याआडची बाजू ३२-३४ अंशांची आणि भुसभुशीत. चढायचं टणक बाजूनं, माथ्यावर वेग सोडायचा, उतरताना नाक सरळ खाली. तिरकं उतरलात की खालच्या बाजूचं चाक खोल जातं आणि गाडी कुशीवर.

काळीमाती

थारमध्ये बाभळीचं काय? तिकडं वेडी बाभूळ पसरली हाय, काटा टायरच्या भिंतीतून आरपार जाते.

वाळूचा_कण

खरं आहे, आणि हवा कमी केलेली भिंत बाहेर फुगलेली असते म्हणून तिलाच काटा आधी लागतो. ट्रेडमधल्या भोकाला दोरीचा प्लग चालतो, भिंतीतल्या भोकाला तो तात्पुरता. गाडीमागे वीस प्लग, रबर सोल्युशनची ताजी ट्यूब आणि आत ओतायचं सीलंट ठेवायचं. सोल्युशन उन्हात सुकतं, वर्षभर जुनी ट्यूब म्हणजे रिकामी ट्यूब.

बर्डीकर

इंजिन-गिअरकडे येऊ. नव्या सगळ्या बग्ग्या सीव्हीटी पट्ट्यावर, म्हणजे गिअरऐवजी दोन पुल्यांवरच्या पट्ट्यावर, का असतात? आणि धुळीचं गणित कुणी मांडेल का?

टॉर्क_पाना

धूळ आधी, कारण इंजिनं बहुतेक तिनंच मरतात.

२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ४,००० आरपीएमला मिनिटाला ३,४०० लिटरच्या आसपास हवा ओढतं. तासाला २०० घनमीटर. ताफ्यात मागे असाल आणि समोरचं दिसेनासं होईल अशी धूळ असेल तर घनमीटरला साधारण १ ग्रॅम धरा. म्हणजे तासाला २०० ग्रॅम माती इंजिनाच्या नाकाशी. ९९ टक्के अडवणारा फिल्टर २ ग्रॅम आत सोडतो, ९९.९ वाला ०.२ ग्रॅम. रिंगा आणि बोअर घासायला दोन-चार ग्रॅम बारीक गारगोटी भरपूर झाली.

म्हणून तीन थर: आधी भोवऱ्यानं माती बाहेर फेकणारा प्री-क्लीनर, मग तेल लावलेला फोम, मग कागदी फिल्टर. हवा ओढायचं तोंड छताच्या उंचीवर, मागच्या चाकांच्या धुळीपासून दूर. ही चूक मागे इंजिन असलेल्या घरगुती बग्गीत दहापैकी आठांत दिसते, तोंड नेमकं चाकाच्या फवाऱ्यात असतं.

तपासणी सोपी. फिल्टरच्या पुढच्या स्वच्छ नळीत आतून ग्रीसचं बोट फिरवा, दोन तास चालवा, मग पांढऱ्या फडक्यानं पुसा. फडकं खरखरीत लागलं तर फिल्टर चांगला असूनही क्लॅम्प किंवा रबर गळतंय. कागदी फिल्टर झाडताना हवा आतून बाहेर, २ बारच्या आत. पेट्रोल पंपावरच्या नळीनं बाहेरून फुंकणारे त्यात न दिसणारी भोकं पाडतात.

आता पट्टा. अमेरिकी पोलारिस कंपनीच्या एमआरझेडआर बग्ग्या, रशियानं चीनकडून घेतलेल्या डेझर्टक्रॉस १०००-३, सगळ्या सीव्हीटीवर. कारण दोन: चालवायला शिकवावं लागत नाही, आणि वाळूत गिअर बदलताना जो अर्ध्या सेकंदाचा खंड पडतो तो पडत नाही. वाळूत तेवढ्या खंडात गाडी थांबते.

किंमत उष्णतेत मोजावी लागते. पट्टा रबराचा, पुलीत घसरला की तापतो, तापला की अजून घसरतो. भरलेली गाडी हाय रेंजमध्ये खोल वाळूत हळू चालवणं हा पट्टा जाळायचा हमखास मार्ग. सरासरी वेग ताशी ११ किमीच्या खाली जाणार असेल तर लो रेंज टाका. रुतल्यावर थ्रॉटल दाबून धरला तर पुली एकाच जागी घासते आणि पट्ट्यावर चपटा डाग पडतो. मग प्रत्येक वेळी निघताना धक् धक्. तो पट्टा तेवढ्यावरच बदला.

बदलण्याचा क्रम: झाकणाचे बोल्ट सोडा, मागच्या पुलीत स्प्रेडर बोल्ट फिरवून गाल उघडा, पट्टा काढा. इथेच घाई होते. फाटलेल्या पट्ट्याचे धागे पुलीच्या मागे, सीलभोवती आणि गरम हवा बाहेर जायच्या नळीत अडकलेले असतात. ते न काढता नवा घातला तर तासाभरात दुसराही जातो आणि लोक म्हणतात पट्टा नकली होता. पुलीचे गाल सुक्या फडक्यानं पुसा, ग्रीसचा हात लावू नका. बाणाची दिशा पाहा. पहिले ५०-८० किमी पूर्ण थ्रॉटल नाही. लढाईत ही सवलत कोण देणार, म्हणून दोन सुटे पट्टे आधीच दुसऱ्या गाडीवर चालवून बसवलेले ठेवायचे आणि पिशवीवर तसं लिहायचं. पाण्यातून गेलात तर झाकणाखालचा ड्रेन प्लग उघडून मगच जोर द्या.

डीपीव्हीसारख्या जुन्या बग्गीत पट्टा नाही, फोक्सवॅगनचा ट्रान्सॅक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र) आहे. तिथं रोग वेगळा: सीव्ही जॉइंटचा रबरी बूट फाटला की वाळू आणि मोलिब्डेनम ग्रीसचं मिश्रण म्हणजे पॉलिश पेपर. त्याचे ८ मिमीचे सहा बोल्टही ढिले होतात. रोज निघण्यापूर्वी सहाही बोल्टांना पाना लावायचा आणि डोक्यांतून तार ओवायची.

हिंगणा_वेल्डर

सांगाड्याचं मी लिहितो. बाहावाल्यांना ०.१८ टक्के कार्बनचा, २५ मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमी भिंतीचा पाईप किंवा त्याच्या तोडीचा चालतो. शर्यतीच्या मोठ्या बग्ग्या ४१३० क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम-मोलिब्डेनम पोलादाच्या. टिग वेल्डिंग, ईआर७०एस-२ तार, आणि जोड आपोआप थंड होऊ द्यायचा. पाण्याचं फडकं लावणारे महाभाग आहेत, त्यांच्या जोडाच्या बाजूला केसासारखी तडा जाते.

तडा कुठे जाते ते ठरलेलं आहे: मागच्या शॉकचा वरचा कान, ट्रान्सॅक्सलचा पाळणा, आणि गनच्या माउंटचा पाया. तिसरी जागा फौजी बग्गीचीच. एम२ मिनिटाला ४५० ते ६०० गोळ्या सोडते, तेवढे हातोडे त्या पायावर. माउंट एकाच पाईपच्या मधोमध वेल्ड केला तर पाईप वाकायच्या आधी जोडाची कड उलते. पायाखाली पत्रा घेऊन भार किमान तीन गाठींवर न्यायचा, म्हणजे जिथे पाईप एकमेकांना भेटतात तिथे.

आणि उंची. समजा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर, १.६ मीटर, वजन १,३०० किलो, गुरुत्वमध्य ०.६ मीटरवर. कुशीवर पडायचा कोन ५३ अंश. वर १.६ मीटरवर गन आणि गनर मिळून १५० किलो बसवा, गुरुत्वमध्य ०.७० वर जातो आणि कोन ४९ च्या खाली येतो. आता हल्लीचं फॅड, ड्रोनसाठी वर जाळी. ६० किलोची जाळी २.१ मीटरवर टाका, ४६.५ अंश. उभ्या गाडीत हे आकडे बरे वाटतात. ताशी ६० नं वळताना एका बाजूचा स्प्रिंग दबलेला असतो आणि खाली वाळूचा उतार असतो, तेव्हा हेच सहा-सात अंश हवे असतात.

पंखा_चालू

जाळीचा विषय निघालाच म्हणून. युक्रेनमध्ये रशियानं चिनी डेझर्टक्रॉस २,००० पेक्षा जास्त मागवल्या, नोव्हेंबर २०२३ मध्ये पुतिन यांना त्या दाखवल्याही गेल्या. तिथं बग्गीचं काम छाप्याचं नव्हे, रिक्षाचं: उघड्या माळावरचे चार-पाच किलोमीटर शक्य तेवढ्या लवकर ओलांडायचे, माणसं टाकायची, जखमी घेऊन परत. चिलखती गाडी दुरून दिसते, मोठी असते, तिच्यावर पाच ड्रोन खर्च करायला समोरचा तयार असतो. बग्गीवरही तो एक खर्च करतोच. एफपीव्ही ड्रोन (कॅमेऱ्यातून पाहत उडवून आदळायचा) ताशी १०० च्या वर जातो, त्याच्यापुढे ताशी ७० नं खड्ड्यांतून पळणं हे संरक्षण नाही. उघड्या गाडीचा एकच फायदा, आवाज आला की दोन सेकंदांत सगळे बाहेर उड्या मारू शकतात. अडकलेलं चिलखती दार उघडत बसावं लागत नाही.

वाळवंटात तर अजून कठीण, कारण धुळीचा पिसारा. दिवसा ताशी ६० नं गेलेली बग्गी अनेक किलोमीटरवरून दिसते. ताशी २० च्या खाली पिसारा बराच बसतो, पण मग बग्गी कशाला घेतली? म्हणून हालचाल रात्री, इन्फ्रारेड दिव्यांवर, एकामागे एक न जाता वाऱ्याकडे तिरक्या ओळीत, म्हणजे मागच्यानं पुढच्याची धूळ खायची नाही. सायलेन्सर मोठा, एक्झॉस्टवर आडोसा, कारण थर्मल कॅमेऱ्याला गरम पाईप दिव्यासारखा दिसतो.

उलटी बाजूही पाहा. आपल्या नागपुरात बनणारं नागास्त्र-१ हे आत्मघाती ड्रोन साधारण ९ किलोचं आहे, १ किलोचा स्फोटक भाग, माणसाच्या नियंत्रणात १५ किमीचा पल्ला. ३८ किलोची एम२ आणि तिचे ९६ किलो डबे काढून त्या जागी असे चार आणि दोन ऑपरेटरांचं सामान ठेवलं तर बग्गीला शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात जायचं कारणच उरत नाही. हिंगणा भाऊंचा माउंटही गेला, गुरुत्वमध्यही खाली आला.

हिंगणा_वेल्डर

मंजूर. फक्त लाँचरचा पायही गाठीवर ठेवा.

जुनी_जोंगा

जीपीएस जाम होतं त्याची सोय कोण धरणार? बॅग्नोल्डच्या लोकांकडे सूर्यकंपास होता, कारण चुंबकी कंपास गाडीच्या लोखंडापाशी खोटं बोलतो. वाचन घ्यायचं तर गाडीपासून वीस-तीस मीटर चालत जावं लागतं. आजही प्रशिक्षणात हेच करायला लावलं पाहिजे, सोबत ट्रिपमीटरचं अंतर आणि कागदी नकाशा. टायरची हवा कमी केली की चाकाचा परीघ बदलतो आणि ट्रिपमीटर अंतर थोडं जास्त दाखवतो, हेही त्यात धरायचं.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर अमेरिकेनं २०२० मध्ये दिलंय असं मला वाटतं. त्यांनी जनरल मोटर्सकडून जी इन्फन्ट्री स्क्वॉड व्हेईकल घेतली ती शेवरोले कोलोरॅडो पिकअपवर बेतलेली आहे. ९० टक्के भाग बाजारात मिळणारे, नऊ जवान, चिलखत नाही, डिझेल, आणि १,४५० किलो ओझं. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या खाली लटकवता येते, चिनूकच्या पोटात जाते. ऐंशी वर्षं फिरून गाडी पुन्हा शेवरोलेच्या ट्रकवरच आली की नाही!

काळीमाती

मग आपली जिप्सी काय वाईट होती? सॉफ्ट टॉप ९८५ किलो, म्हणजे डीपीव्हीपेक्षा जेमतेम २५ किलो जास्त. १.३ लिटर, ८० एचपी, चार चाकं फिरणारी, लो रेंज, वर ५०० किलो. सुटे भाग सीताबर्डीपासून जैसलमेरपर्यंत कुठंबी. चिखलात पण निघते, जे तुमच्या डीपीव्हीला जमलं नाही. लोक बग्गी बग्गी करून राहिले, फौजेकडं ती तीस वर्षांपासून उभी होती.

टॉर्क_पाना

जिप्सीला दोन गोष्टी आडव्या येतात. दोन्हीकडे पाट्यांचे स्प्रिंग आणि सलग ॲक्सल, त्यामुळे चाकाची वरखाली हालचाल कमी. ताशी ४० च्या वर खड्ड्यांत चाक हवेत राहतं आणि कमरेचं जे व्हायचं ते होतं. आणि पेट्रोल. बाकीचा ताफा डिझेलवर, एका गाडीसाठी वेगळा टँकर. अमेरिकेनं एमआरझेडआर डिझेलमध्ये आणली ती याच कारणानं. पण २५ किलोचा हिशोब बरोबर आहे, आणि चिखलाचाही.

बर्डीकर

आपल्या फौजेकडे आता पोलारिसच्या बग्ग्या दिसतात, २०२५ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात 'चेतक' नावानं एटीव्ही होतीच. म्हणजे दोन्ही वाटा चालू आहेत: लहान बग्गी शेवटच्या काही किलोमीटरला, मोठी गाडी ओझ्याला. माझ्या प्रश्नाला एवढं पुरे.

एक शेवटचं. बाहाची टीम कन्हानच्या पात्रात वाळूची चाचणी घेणार आहे. थार नाही हे मान्य, तरी काय तपासावं?

वाळूचा_कण

हवा १८, १४ आणि ११ पीएसआयवर त्याच शंभर मीटरच्या पट्ट्यात प्रत्येकी तीन फेऱ्या. दर फेरीला नवी चाकोरी. थांबलेल्या जागेवरून निघताना चाक किती सेंटिमीटर आत गेलं ते पट्टीनं मोजा. गाडीत ड्रायव्हर अधिक ५० किलोची पोती टाकून सगळं पुन्हा करा, तेव्हाच वजनाचा फरक दिसेल.

टॉर्क_पाना

आणि ग्रीसचं बोट विसरू नका. ११ च्या फेरीनंतर बीडपाशी साबणाचं पाणी टाकून बुडबुडे पाहा.

काळीमाती

पाण्याच्या कडेला जाऊ नका फक्त. वरून वाळू दिसते, खाली गाळ हाय. ट्रॅक्टरवाल्याचा नंबर घेऊन ठेवा.